सरकारी अभियंता भरती आणि पदवीची समतुल्यता: अर्ज भरण्याआधीपासून न्यायाधिकरणापर्यंत

परीक्षेत कमी गुण पडून बाहेर राहणं वेगळं आणि गुणवत्ता यादीत नाव असताना ‘अर्हता समतुल्य नाही’ (म्हणजे तुमची पदवी मागितलेल्या पदवीच्या बरोबरीची धरत नाही) असा शेरा लागून बाहेर पडणं वेगळं. पहिल्यात पुन्हा अभ्यास करता येतो. दुसऱ्यात अभ्यासाचा काही उपयोग नसतो. तिथं कागद लागतो, तोही वेळेत.

मी मिरज तालुक्यातला. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर शाखा ‘सिव्हिल अँड एन्व्हायर्नमेंटल इंजिनीअरिंग’ अशी आहे आणि जाहिरातीत मागितली होती ‘स्थापत्य अभियांत्रिकी’. या जोडनावामुळे कागदपत्र तपासणीपासून मंत्रालयापर्यंत सगळं बघून झालं. आता नोकरीत आहे, पण आजही तासगाव, जत, कराडकडच्या मुलामुलींचे फोन येतात आणि प्रश्न तेच असतात. म्हणून सगळं एका जागी, क्रमानं लिहितोय.

एक गोष्ट आधीच पक्की करा. तुम्ही काय शिकलात यावरून समतुल्यता ठरत नाही. ती ठरवण्याचा अधिकार ज्याला आहे, त्यानं काय लिहून दिलंय यावरून ठरते. तुमचे सर, क्लासवाले, आधी लागलेला मित्र, टेलिग्राम ग्रुपचा ॲडमिन, यांपैकी कुणालाच तो अधिकार नाही. महाविद्यालयालाही नाही.

१. जाहिरातीच्या मागचे सेवाप्रवेश नियम शोधा

जाहिरात म्हणजे नियमांचा गोषवारा. मूळ अर्हता असते ती त्या पदाच्या सेवाप्रवेश नियमांत. राज्य सरकारच्या पदांसाठी हे नियम संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खाली होतात आणि राजपत्रात प्रसिद्ध होतात. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, मृद व जलसंधारण यांचे नियम वेगवेगळे आहेत. जिल्हा परिषद, महावितरण, नगरपरिषद यांचे आणखी वेगळे. त्यामुळे ‘जलसंपदात चाललं म्हणजे जिल्हा परिषदेत चालेल’ हे गृहीत धरू नका.

नियम हातात आला की अर्हतेचं वाक्य पेन घेऊन वाचा. तीन शब्दप्रयोग शोधायचे:

- ‘किंवा शासनाने तिच्याशी समतुल्य म्हणून घोषित केलेली अर्हता’. म्हणजे दार आहे, पण किल्ली शासनाकडे. समतुल्य घोषित करणारा शासन निर्णय किंवा पत्र दाखवावं लागणार.
- ‘किंवा समतुल्य’, इतकंच. इथं वाद होतोच, कारण कोण ठरवणार ते लिहिलेलं नसतं.
- ‘किंवा उच्चतर अर्हता’. पदविकेच्या पदावर पदवीधर बसतात की नाही, ते या दोन शब्दांवर अवलंबून असतं.

काही पदांची किमान अर्हता राज्य ठरवतच नाही. मोटार वाहन निरीक्षकाची अर्हता मोटार वाहन कायद्याच्या कलम २१३(४) खाली केंद्र सरकार ठरवतं. अशा पदासाठी राज्याकडून कितीही पत्रं आणली तरी केंद्राची अधिसूचना ओलांडता येत नाही.

२. तुमची अडचण नेमकी कोणती ते ओळखा

‘समतुल्यतेचा प्रॉब्लेम आहे’ असं सगळेच म्हणतात, पण त्यात चार-पाच निरनिराळ्या अडचणी असतात आणि प्रत्येकीचा कागद वेगळा असतो.

शाखेच्या नावाची अडचण सगळ्यात जास्त दिसते. सिव्हिलऐवजी ‘कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी’, मेकॅनिकलऐवजी ‘प्रॉडक्शन’, इलेक्ट्रिकलऐवजी ‘इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स’. यावर बरेच जण अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची एप्रिल २०१७ ची अधिसूचना पुढे करतात. तिच्यात मूळ शाखा आणि तिच्याशी संबंधित अभ्यासक्रमांची यादी आहे. ती जरूर जोडा, पण तिच्याच भरवशावर राहू नका. ती अध्यापकांच्या भरतीसाठी काढलेली आहे. कनिष्ठ अभियंत्याच्या भरतीत ती आधार म्हणून उपयोगी पडते, पण तिनं विभागाचे हात बांधले जात नाहीत.

पदविकेच्या पदाला पदवी चालते का, हा दुसरा वाद, आणि यात लोक सर्वोच्च न्यायालयाचे निकाल अर्धवट वाचून फसतात. केरळ वीज मंडळाच्या सब-इंजिनीअर पदाच्या प्रकरणात २०१० च्या निकालानं बी.टेक. झालेल्यांना पात्र धरलं. पण तिथल्या नियमातच अशी तरतूद होती, की ज्या उच्च अर्हतेत खालची अर्हता गृहीत आहे ती चालेल. डिसेंबर २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरच्या वीज विभागातल्या टेक्निशियन पदाचं प्रकरण आलं. तिथं आयटीआय मागितलं होतं, उमेदवारांकडे पदविका होती आणि नियमात तशी तरतूद नव्हती. न्यायालयानं सांगितलं, की वरच्या अर्हतेत खालची आपोआप येते असं धरता येणार नाही. समतुल्यता ठरवणं हे नोकरी देणाऱ्या शासनाचं काम आहे. २०१९ मध्ये आपल्याच लोकसेवा आयोगाच्या औषध विभागातल्या भरतीच्या प्रकरणातही हीच भूमिका कायम राहिली: अर्हता काय असावी ते नियोक्ता ठरवतो, न्यायालय जाहिरात नव्यानं लिहीत नाही. म्हणून कुणी ‘सुप्रीम कोर्टानं डिग्रीवाल्यांना परवानगी दिलीय’ म्हणालं, तर आधी विचारा, कुठल्या नियमाखाली?

ज्यांनी पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, त्यांची बाजू इथं भक्कम असते. पदविकेचं पद असेल तर अर्जात पदविका मुख्य अर्हता म्हणून भरा, पदवी अतिरिक्त म्हणून.

शिक्षणाच्या पद्धतीची अडचण सगळ्यात अवघड. सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालानं चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीनं दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न निकाली काढला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना तंत्रशिक्षण परिषदेची परीक्षा देऊन पदवी टिकवायची संधी मिळाली, नंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्द झाल्या. एएमआयईबाबत (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सची, पदवीच्या बरोबरीची धरली जाणारी परीक्षा) केंद्राची मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती आहे. किर्लोस्करवाडी, कुपवाड, मिरज एमआयडीसीत नोकरी करत एएमआयई केलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांना पहिला सल्ला हाच देतो: नोंदणीच्या तारखेचं पत्र शोधा. उत्तीर्ण कधी झालात यापेक्षा नोंदणी कधी झाली ते बघितलं जातं.

परराज्याची पदवी ही बहुतेक वेळा अडचणच नसते. जत आणि मिरजेकडची पुष्कळ मुलं बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठातून शिकतात. कायद्यानं स्थापन झालेल्या आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या भारतीय विद्यापीठाची पदवी देशभर चालते. तिच्यासाठी ‘समतुल्यता काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. समतुल्यता प्रमाणपत्र लागतं ते मुख्यतः परदेशी पदव्यांना. पदविका मात्र कर्नाटकाच्या मंडळाची असेल, तर पुण्यातल्या तंत्रशिक्षणाच्या विभागीय कार्यालयात आधी लेखी विचारून ठेवा.

३. कागद जमवा, भरती निघायची वाट बघू नका

जाहिरात आल्यावर हातात तीन-चार आठवडे असतात आणि तेवढ्यात विद्यापीठाकडून काही मिळत नाही. हे आत्ताच काढून ठेवा:

- पदवी प्रमाणपत्र. ते आलं नसेल तर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र
- सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, अनुत्तीर्ण झालेल्या प्रयत्नांच्याही
- शेवटच्या सत्राचा निकाल ज्या तारखेला जाहीर झाला, ती दाखवणारा कागद
- विद्यापीठाचा शिक्का असलेला तुमच्या तुकडीचा अभ्यासक्रम
- तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचं तंत्रशिक्षण परिषदेचं मान्यतापत्र, महाविद्यालयाकडून
- श्रेणीचं टक्केवारीत रूपांतर करून दिलेलं विद्यापीठाचं पत्र
- शाखेचं नाव मधल्या काळात बदललं असेल तर त्या बदलाचा विद्यापीठाचा ठराव किंवा परिपत्रक
- नावात फरक असेल तर राजपत्राची प्रत

यातल्या अभ्यासक्रमाच्या प्रतीबद्दल थोडं सविस्तर. नुसती पीडीएफ छापून नेली तर टेबलावर कुणी हात लावत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात अर्ज करून, शुल्क भरून प्रमाणित प्रत घ्या. मग स्वतः एक तुलनात्मक तक्ता बनवा. डावीकडे विद्यापीठाच्या स्थापत्य शाखेचे विषय, उजवीकडे तुमचे, पुढे सत्र, श्रेयांक आणि अभ्यासक्रमाचा पान क्रमांक. नावं फसवी असतात. एकीकडे ‘थिअरी ऑफ स्ट्रक्चर्स’ असतं, दुसरीकडे ‘स्ट्रक्चरल ॲनालिसिस’, आणि आत स्लोप डिफ्लेक्शन तेच. सर्वेक्षण, भूतंत्र, आरसीसी डिझाइन, जलविज्ञान, सिंचन, महामार्ग, अंदाजपत्रक हे विषय एकेका ओळीत समोरासमोर आले, की बघणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं. माझ्या तक्त्यात सिंचनाच्या ओळीत उजवीकडे ऐच्छिक विषय होता. तो मी घेतलेला होता, पण ते गुणपत्रिकेवरूनच सिद्ध होत होतं. म्हणून तक्त्याला गुणपत्रिकेचा अनुक्रमांकही जोडा.

शाखाप्रमुखांचं ‘ही शाखा स्थापत्य शाखेशी समतुल्य आहे’ असं पत्र बरेच जण आणतात. त्याला वजन नाही असं म्हणणार नाही, पण ते पुरावा आहे, निर्णय नव्हे. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचं किंवा कुलसचिवांच्या सहीचं पत्र त्याहून पुष्कळ वरचं.

स्वायत्त महाविद्यालयात शिकलेल्यांसाठी एक बारीक सूचना. परीक्षा महाविद्यालय घेतं, पदवी विद्यापीठ देतं. सांगलीच्या वालचंदमधून उत्तीर्ण झालेल्यानं अर्जात विद्यापीठाच्या रकान्यात महाविद्यालयाचं नाव लिहिलं, तर तपासणीत विनाकारण खुलासा द्यावा लागतो. प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचं नाव आहे तेच लिहा.

४. लेखी विचारा, योग्य जागी विचारा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि इथंच अर्धा प्रश्न सुटतो.

समतुल्यतेवर अंतिम शब्द सहसा पदाच्या प्रशासकीय विभागाचा असतो, आणि तो विभाग गरज पडली तर उच्च व तंत्र शिक्षण विभागाचा अभिप्राय घेतो. म्हणून निवेदन विभागाच्या सचिवांच्या नावे, प्रत तंत्रशिक्षण संचालनालयाला आणि भरती करणाऱ्या संस्थेला. हेल्पलाइनवर मिळालेलं तोंडी उत्तर तपासणीच्या दिवशी कुणी ओळखत नाही.

निवेदन छोटं ठेवा. मी साधारण असं लिहिलं होतं:

“मी अमुक विद्यापीठाची अमुक शाखेतील पदवी अमुक दिनांकास उत्तीर्ण केली आहे. अमुक सेवाप्रवेश नियमांतील नियम क्रमांक अमुकनुसार स्थापत्य अभियांत्रिकीतील पदवी किंवा समतुल्य अर्हता आवश्यक आहे. माझ्या शाखेच्या अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत व तुलनात्मक तक्ता सोबत जोडला आहे. सदर पदवी समतुल्य आहे किंवा कसे, याबाबत विभागाचा निर्णय अर्ज सादर करण्याच्या अंतिम दिनांकापूर्वी लेखी कळवावा, ही विनंती.”

स्पीड पोस्टनं, पोच मिळेल असं पाठवा, ईमेलही करा आणि समक्ष दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तरी तुम्ही वेळेत विचारलं होतं हे त्या शिक्क्यानं सिद्ध होतं.

सोबतच माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘मी पात्र आहे का?’ असं विचारू नका. माहिती अधिकारी मत देण्याला बांधील नाही आणि अर्ज त्याच कारणानं परत येतो. कागद मागा: सेवाप्रवेश नियमांची अद्ययावत प्रत, समतुल्यतेबाबतचे शासन निर्णय आणि अभिप्राय, मागच्या भरतीत तुमच्याच शाखेच्या उमेदवाराला पात्र किंवा अपात्र ठरवल्याची टिप्पणी. मला सगळ्यात उपयोगी पडली ती ही टिप्पणी. पण मागच्या वेळी कुणाला चुकून घेतलं असेल तर त्यावरून तुमचा हक्क तयार होत नाही. ती टिप्पणी कारणांसकट असेल तरच तिला अर्थ.

५. अर्ज भरताना

शाखेच्या रकान्यात प्रमाणपत्रावर जे छापलंय तेच. यादीत तुमची शाखा नसेल आणि ‘इतर’ हा पर्याय असेल तर तोच निवडून पूर्ण नाव लिहा. ‘स्थापत्य’ निवडून पुढे जायचा मोह होतो, पण तपासणीत तीच नोंद खोटी माहिती म्हणून तुमच्यावर उलटू शकते. मग प्रश्न समतुल्यतेचा उरत नाही, प्रामाणिकपणाचा होतो, आणि त्यातून सुटणं फार अवघड.

अर्हता कोणत्या तारखेला हवी ते जाहिरातीत बघा. तारीख दिलेली नसेल तर अर्जाची शेवटची तारीख धरायची, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलंय. पदवीदान समारंभाची तारीख इथं महत्त्वाची नसते, निकालाची असते.

नियमच तुम्हाला बाहेर ठेवत असेल आणि तो अन्यायकारक वाटत असेल, तर परीक्षेआधीच आव्हान द्या. सगळ्या अटी मान्य करून परीक्षा दिली आणि नाव आलं नाही म्हणून अटच चुकीची म्हटलं, तर न्यायालय सहसा ऐकून घेत नाही.

६. कागदपत्र तपासणीचा दिवस

माझ्या तपासणीला टेबलावरच्या अधिकाऱ्यांनी पदवी प्रमाणपत्रावर शाखेच्या ओळीवर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं जाहिरातीची तीच ओळ धरली आणि ‘शब्द जुळत नाहीत’ म्हणाले. गुणपत्रिकांची फाइल उघडलीच नाही. त्यांचा राग धरण्यात अर्थ नाही. त्यांना शब्द जुळवायचंच काम दिलेलं असतं, अभ्यासक्रम तोलायचा अधिकार दिलेला नसतो.

म्हणून तिथं वाद घालू नका, तीन गोष्टी करा. तक्ता, विद्यापीठाचं पत्र आणि निवेदनाची आवक प्रत असा संच लेखी सादर करून पोच घ्या. तुमची निवड ‘समतुल्यतेच्या निर्णयाच्या अधीन राहून’ ठेवावी असा अर्ज त्याच दिवशी द्या. आणि तपासणीच्या पत्रकावर सही करण्याआधी शेरा वाचा. ‘अपात्र, मान्य’ अशा मजकुराखाली सही मागितली तर तिथंच ‘मान्य नाही, लेखी खुलासा सोबत’ असं लिहून मग सही करा. शेऱ्याचा फोटो काढायला परवानगी नसेल तर बाहेर येऊन लगेच शब्दशः लिहून ठेवा, तारीख-वेळ टाकून.

मूळ कागद कुणाकडेही ठेवून येऊ नका.

७. अपात्र ठरवलंच तर

आधी कारणांसह लेखी आदेश मागा. यादीवरचा एका ओळीचा शेरा आव्हान द्यायला अपुरा पडतो. आक्षेपाची मुदत अनेकदा काही दिवसांचीच असते, ती चुकवू नका. आक्षेप घेतलाच नाही, तर पुढे पहिला प्रश्न त्यावरच येतो.

त्यानंतर कुठं जायचं ते पदावरून ठरतं. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा अशा राज्य सरकारच्या पदांसाठी आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. सांगली-साताऱ्याच्या उमेदवाराला मुंबईचं पीठ. थेट उच्च न्यायालयात गेलात तर तिथून मॅटकडेच पाठवतात आणि त्यात दिवस जातात. जिल्हा परिषद, महापालिका, महावितरण यांच्या भरतीला मॅटची कक्षा लागत नाही, तिथं उच्च न्यायालयात रिट याचिका. हे काम आता कोल्हापूरला होतं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं आणि सांगली, सातारा दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. आपल्याकडच्या घरांसाठी हा फरक फार मोठा आहे. वकिलाला भेटायला मुंबईत मुक्काम करावा लागत नाही, म्हणून आता मुलींचे आईवडीलही ‘जाऊन तर बघू’ म्हणतात.

मॅटमध्ये अर्ज करायची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदन देऊन उत्तर आलं नसेल तर सहा महिने थांबून पुढे एक वर्ष. पण कायद्यातली मुदत आणि व्यवहारातली मुदत यात अंतर आहे. एकदा नियुक्तिपत्रं वाटली गेली, की निवड झालेल्या उमेदवारांनाही प्रतिवादी करावं लागतं, नोटिसा काढाव्या लागतात, आणि जागाच शिल्लक नाही हे उत्तर येतं. शिफारस यादी लागायच्या आत पोचलात, तर वकिलांना निदान एक जागा रिकामी ठेवण्याची अंतरिम मागणी करता येते. पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगा.

भेटीला जाताना या क्रमानं फाइल लावा: सेवाप्रवेश नियम, जाहिरात, अर्जाची छापील प्रत, प्रवेशपत्र, गुणवत्ता यादीचं पान, तपासणीचा शेरा, आक्षेप आणि त्याची पोच, निवेदन, माहिती अधिकारातून आलेले कागद, शेवटी तुलनात्मक तक्ता. वकील सेवाविषयक प्रकरणं चालवणारेच निवडा. फी आणि इतर खर्च किती, नोटिसांचा खर्च त्यात धरलाय का, हे आधीच कागदावर घ्या. एकाच शाखेचे पाच-सहा उमेदवार अडकले असतील तर एकत्र अर्ज करता येईल का ते विचारा. खर्च वाटला जातो. पण प्रत्येकाची उत्तीर्ण तारीख आणि घेतलेले ऐच्छिक विषय आधी ताडून बघा. एखाद्याचं प्रकरण त्यामुळे कमजोर असेल, तर त्याचा अर्ज वेगळा ठेवलेला बरा.